रोल ते रॉ: मराठवाड्याच्या उन्हात फोटोग्राफीचा छंद कसा वाढवावा

मराठवाड्यात फोटोग्राफीचा छंद धरणाऱ्याची पहिली गाठ उन्हाशी पडते. फेब्रुवारी सरला की सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांवर यायला लागतं. खाली काळी जमीन, वर पांढरंफटक आभाळ आणि मधोमध पांढरं धोतर नेसलेला माणूस. चांगल्या कॅमेऱ्यालाही घाम फुटावा असा हा देखावा आपल्याकडे रोजचा आहे. ज्याच्या कपाटात वडिलांचा किंवा स्वतःचा रोलचा कॅमेरा पडून आहे, किंवा जो आजवर मोबाइलवर भागवत आला आणि आता नीट डिजिटल कॅमेऱ्याकडे वळायचं म्हणतोय, त्याच्यासाठी हे लिहितोय. क्रमाने सांगतो, पण जिथं लोक अडतात तिथं जास्त थांबणार आहे.

आधी महिनाभर खरेदी नको

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. एकच जागा धरा: गावातला पार, एसटी स्टँड, नाहीतर घराची ओसरी. तीच जागा सकाळी सातला, दुपारी बाराला, चारला आणि दिवेलागणीला मोबाइलवर टिपा आणि चारही फोटो शेजारी ठेवून बघा. बाराच्या फोटोत टोपीखालचे डोळे गायब असतात, नाकाची सावली ओठावर आलेली असते. सातच्या फोटोत भिंतीचा प्रत्येक पोपडा दिसतो.

मग एखाद्या माणसाला सावलीत घ्या. कडुलिंबाखाली उभं केलं तर पानांतून कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर चट्टे उमटतात, त्यापेक्षा ओसरीची कड किंवा दाराची चौकट बरी. तोंड बाहेरच्या उजेडाकडे करा. समोर चुन्याने पोतलेली भिंत असेल तर आणखी चांगलं, कारण तिच्यावर आपटून आलेला उजेड डोळ्यांखालची सावली भरून काढतो. स्टुडिओत पांढरी छत्री लावून हेच साधतात, आपल्याला ते फुकटात मिळतं.

सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळला फोटो काढत होते, ते काचेच्या प्लेटांवर. प्लेट जड आणि महाग, त्यामुळे आधी उजेड बघायचा आणि मगच लेन्सचं झाकण काढायचं. आपल्याला कार्डात हजार फोटो बसतात म्हणून ही पायरी गाळायची मुभा मिळत नाही.

तीन आकडे, एक नियम

अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर म्हणजे ते किती वेळ उघडं आणि आयएसओ म्हणजे सेन्सरचा (रोलच्या जागी असलेल्या, उजेड टिपणाऱ्या चिपचा) सिग्नल किती वाढवायचा. याच्यावर पुस्तकं भरली आहेत. पण पाठ करायचा असेल तर रोलच्या जमान्यातला एकच नियम करा, सनी सिक्स्टीन. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० असेल तर साधारण १/१२५ सेकंद. तेवढाच उजेड एफ/८ वर १/५०० ला मिळतो. ओसरीच्या सावलीत आलात की १/१२५ तसंच ठेवून एफ/५.६ किंवा एफ/४ पर्यंत उघडा. आठ दिवस कॅमेऱ्यातल्या मीटरकडे (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेकडे) न बघता आधी अंदाज बांधा, मग मीटर बघा. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने आभाळ इतकं स्वच्छ असतं की हा अंदाज लवकर बसतो.

रोजच्या वापराला मात्र सगळं हाताने फिरवत बसू नका. अॅपर्चर प्रायॉरिटी लावा (भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/५.६ ते ८ ठेवा, ऑटो आयएसओची कमाल ३२०० करा आणि किमान शटर १/१२५ करा. पोळ्याचे बैल पळत असतील तर १/५०० किंवा त्याहून वर जा.

कॅमेरा घेताना

दुकानदार मेगापिक्सेलपासून सुरुवात करतो, तुम्ही करू नका. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे. तिथून आपण फार पुढं आलोय. ८ बाय १२ इंचाचा उत्तम प्रिंट काढायला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) हिशोबाने साडेआठ-नऊ मेगापिक्सेल पुरतात. दहा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) घराच्या भिंतीवर लागणाऱ्या कुठल्याही फोटोला पुरून उरतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) सेकंड हँड घ्या. लोक मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) वळल्यामुळे निकॉन डी३५००, कॅनन १५००डी यांसारखे डीएसएलआर लग्नात एक-दोनदा वापरून विकायला निघतात. बघायला जाताना स्वतःचं कार्ड आणि एक टॉर्च सोबत न्या आणि विकणाऱ्यासमोरच एवढं तपासा.

लेन्स काढून टॉर्चचा उजेड मागून पुढं पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. दोन-चार धुळीचे कण असतील तर हरकत नाही. लेन्स परत लावून एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो घ्या आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करा. झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो घ्या. काळ्यावर रंगीत ठिपक्यांची रांगोळी उमटली तर सेन्सर थकलाय. निकॉनच्या ताज्या जेपेग फाइलमध्ये शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले तो आकडा) लिहिलेला असतो, तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या वर्गातलं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे ऐंशी-नव्वद हजार झालेला कॅमेरा स्वस्तात मिळाला तरच घ्या. शेवटी फ्लॅश उडवून बघा, प्रत्येक बटण दाबा आणि ग्रिपचं रबर उन्हाने चिकट झालंय का ते चाचपा.

लेन्स सुरुवातीला कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट पुरे. वर्षभराने ३५ मिमी एफ/१.८ घ्या. या कॅमेऱ्यांच्या लहान सेन्सरवर ती जुन्या ५० मिमीसारखा कोन देते आणि संध्याकाळी घरात फ्लॅशशिवाय काम भागवते.

कपाटातल्या लेन्सचं काय?

हा प्रश्न रोलवाले हमखास विचारतात. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९५९ पासून तोच आहे, त्यामुळे जुनी लेन्स डी३५०० वर बसते. पण बॉडीत मोटर नसल्याने बॉडीतल्या मोटरने फिरणाऱ्या जुन्या एएफ लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, आणि पूर्ण मॅन्युअल लेन्सवर मीटरही बोलत नाही. तिथं सनी सिक्स्टीन कामी येतं. मोटर हवी असेल तर डी७२०० बघा. कॅननची जुनी एफडी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर (ईएफ माउंटवर) नीट बसत नाही, तिच्या नादी लागू नका. झेनिट या रोलच्या कॅमेऱ्याची, पेचाने बसणारी लेन्स मात्र साध्या अॅडॉप्टरने कॅननवर छान चालते. मिररलेस बॉडी घेतली तर यातल्या जवळपास सगळ्या लेन्स स्वस्त अॅडॉप्टरने लागतात, फोकस तेवढा हाताने करायचा. मिररलेसवर जास्तीचे पैसे घालायला मला पटणारं कारण हे एवढंच.

काळं रान, पांढरं धोतर

रोलवर बसलेला हात डिजिटलला नेमका इथं अडतो. निगेटिव्ह रोल जास्तीचा उजेड पचवायचा, म्हणून अनेकजण सवयीने अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्तच द्यायचे. कमी पडला तर फोटो मातकट यायचा, जास्त झाला तर लॅबवाला सांभाळून घ्यायचा. डिजिटलचं उलटं आहे. सावलीतला तपशील रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बराच वर काढता येतो, पण पांढरं एकदा जळालं की तिथं माहितीच उरत नाही, मग कुठलंही सॉफ्टवेअर लावा. ज्यांनी स्लाइड फिल्म वापरली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही, तिच्यातही पांढरं असंच जळायचं.

यात आपली जमीन भर घालते. कॅमेऱ्याचं मीटर जे दिसेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. नांगरलेलं काळं रान चौकटीभर आलं की त्याला वाटतं अंधार आहे. ते उजेड वाढवतं, माती करडी होते आणि त्या रानात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं धोतर कागदासारखं सपाट पांढरं दिसतं. एकही चुणी नाही, काष्टा कुठं खोचला तेही दिसत नाही.

उपाय असा करा. रिव्ह्यूच्या सेटिंगमध्ये जाऊन हायलाइटचा इशारा चालू करा. कॅननमध्ये त्याला हायलाइट अलर्ट म्हणतात, निकॉनमध्ये प्लेबॅक डिस्प्लेच्या यादीत हायलाइट्स असतं. मग जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. एक फोटो घ्या. धोतर लुकलुकलं तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची +/- सोय) उणे एकवर न्या आणि पुन्हा घ्या. कडक उन्हात उणे १.३ पर्यंतही जावं लागतं. लुकलुक थांबेपर्यंतच खाली या, त्याखाली उतरू नका, नाहीतर चेहरा काळवंडतो आणि सावल्या वर काढताना दाणे येतात. हातात वेळ असेल तर स्पॉट मीटर (चौकटीतल्या छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) धोतरावर धरून तिथून दीड स्टॉप वाढवा. धोतर पांढरं राहतं आणि चुण्याही राहतात.

बीबी का मकबऱ्यासमोर गणित पालटतं. तिथं चौकटीत पांढराच रंग जास्त, मीटर घाबरून उजेड कमी करतं आणि घुमट मळकट येतो. तिथं अधिक ०.७ ते १ द्या. कापसाने भरलेल्या रानातही तसंच. वेचणीच्या दिवसांत बोंडं किती फुटलीत त्यावर ठरवा.

हे सगळं जमवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून रॉ लावा. सोबत छोटी जेपेगही ठेवा, लगेच पाठवायला बरी पडते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणं) ऑटोवर सोडलात तरी चालेल, रॉमध्ये तो नंतर बदलता येतो. जत्रेतल्या एलईडीला मात्र रॉचाही उपाय नाही. वेगवान शटरवर त्या दिव्यांचे आडवे पट्टे फोटोत येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिथं शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा.

सराव कुठं करावा

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी लवकर पोचण्याचा अट्टहास करणारे लोक कैलासाचा दर्शनी भाग सावलीत टिपून परत येतात. दुपारी तीननंतर जा. ऊन समोरून येतं आणि शिल्पांना उठाव मिळतो. दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यातही उतरतं ऊन दर्शनी गवाक्षातून आत येतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आयएसओ ३२०० ते ६४०० वर जा, खांद्याने खांबाचा नव्हे तर मोकळ्या कठड्याचा आधार घ्या, श्वास रोखून तीन-चार फोटो सलग काढा, एखादा हमखास स्थिर येतो. ट्रायपॉडला परवानगी लागते, छंदवाल्याने तो घरीच ठेवावा.

पण मला विचाराल तर लेण्यांपेक्षा माणसांत जास्त शिकायला मिळतं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस (वेळ अमावस्या) असते. सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप (झोपडी) उभी राहते, आत पांडव म्हणून दगड मांडून पुजतात, जेवायला भज्जी, उंडे आणि आंबील. ती कोप म्हणजे तयार स्टुडिओ आहे: तीन बाजूंनी बंद, एका बाजूने मऊ उजेड. जेवायला बसलेल्या लेकरांची तोंडं बाहेरच्या बाजूला आली की कोपेच्या तोंडाशी, थोडं कडेला बसून फोटो घ्या. दारातच ठाण मांडू नका, नाहीतर तुमचीच सावली ताटात पडते. आणि आधी जेवा. जेवणाला नाही म्हणून कॅमेरा काढणाऱ्याकडे कुणी मोकळेपणाने बघत नाही.

लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, बैल, धूळ आणि गर्दी एकाच वेळी अंगावर येते. पहिल्या वर्षी तिथं जाऊ नका, फोकस हाताशी आल्यावर जा. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, पण त्यांना निदान ३००-४०० मिमीची लेन्स लागते. तोवर पहाटेचे मासेमारांचे तराफे टिपा. नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यातच खरा, सोबत कॅमेऱ्यासाठी पिशवी हवी.

बायकांचे आणि तांड्यावरचे फोटो विचारूनच काढा. फोटो पाठवतो म्हटलं असेल तर पाठवा, नाहीतर पुढच्या फोटोवाल्याला तिथं दार बंद होतं.

धूळ आणि पावसाळा

रानात लेन्स बदलायची वेळ आलीच तर वाऱ्याकडे पाठ करा, बॉडीचं तोंड खाली ठेवा आणि कॅमेरा बंद करा. धूळ फुंकून काढू नका, थुंकी उडते. हातपंपाचा रबरी ब्लोअर घ्या. मे महिन्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात उलटी काळजी. चामडी केस आणि लोखंडी कपाट या बुरशीच्या आवडत्या जागा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका आणि जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा, बंद पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी जास्त धरते.

फाइली: एक प्रत म्हणजे शून्य प्रत

रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून पुढे कित्येक वर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाल्या. एवढी मेहनत, आणि दोन्ही वेळा एकाच छपराखाली. तुमची हार्ड डिस्क याहून सुरक्षित नाही.

तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो की दुसऱ्या गावच्या बहिणीकडे. कार्डावरून फोटो उतरवले की त्याच दिवशी दुसरी प्रत करा, दोन्ही उघडून बघा आणि मगच कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट करा. फोल्डरला वर्ष, महिना, तारीख आणि गाव या क्रमाने नाव द्या, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २० ते ३० एमबीची असते, तेव्हा घरी आल्यावर नको असलेले फोटो निर्दयपणे उडवा. व्हॉट्सअॅपवर गेलेला फोटो हा मूळ फोटो नाही, तो दाबून लहान केलेला असतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला पैसे घालू नका, रॉ फाइली नीट करणारं डार्कटेबल फुकट आहे आणि पुरेसं आहे.

जुने रोल डिजिटल करणं

घरात निगेटिव्हची पाकिटं असतील तर स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही, नवा कॅमेराच स्कॅनर होतो. अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स नसेल तर स्वस्त एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि बॉडीमध्ये लावायची पोकळ नळी) घ्या. टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा लावा, त्यावर दोन-तीन इंच उंच काचेवर निगेटिव्ह ठेवा. थेट पडद्यावर ठेवलं तर पडद्याचे बारीक चौकोन फोटोत येतात. निगेटिव्हची निस्तेज बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा आणि फोटो नंतर आरशासारखा पालटा. आयएसओ १००, एफ/८, रॉ आणि दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले बाकी दिवे बंद. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढायला डार्कटेबलमध्ये निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. ब्लॅक अँड व्हाइटला नुसतं उलटवलं तरी भागतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल वापरलेला असेल तर तो आधी करा, कारण सोपा आहे आणि हात बसतो. निगेटिव्ह कपड्याने पुसू नका, कायमचे चरे पडतात.

प्रिंट

महिन्यातून एकदा पाच-सहा फोटो लॅबमध्ये द्या. स्क्रीनवर चांगला वाटलेला फोटो कागदावर बहुतेक वेळा काळसर येतो, कारण आपण मोबाइलचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो ठीक करतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि मग ठीक करा. फाइल एसआरजीबी (रंगांचा नेहमीचा प्रकार) जेपेग द्या, ३०० डीपीआयला ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर त्याचं मशीन काळं रान पुन्हा करडं करून देतं. डीएसएलआरचा फोटो ३ ला २ या प्रमाणात असतो, म्हणून ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ या मापांत तो पूर्ण बसतो. मोबाइलचा फोटो ४ ला ३ असतो, तो आडवा असून या मापांत दिला की वरून-खालून कापला जातो आणि फेट्याचा तुरा आधी जातो. तसा फोटो द्यायचा असेल तर "फुल इमेज, पांढरी कड ठेवून" असं पाकिटावर लिहूनच द्या.